मायच्या भिंतीतल्या विटा

आंधळगावला तलावाच्या काठी मायचं घर. काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि तिच्यासोबत भिंतही तडकते. बाबा गेल्यावर मी किती डोकं फोडलं, भंडाऱ्याला माझ्याकडे चल म्हणून. पण ऐकेल तर माय कसली!

"उखळात डोस्कं घातलं त मुसळाले काय भ्याचं?" म्हणायची.

मग एका इंजिनिअरिंग कॉलेजवाल्यांनी चाचणीसाठी तिची भिंत निवडली. चार जुन्या विटा काढून त्यांच्या बसवल्या. दिसायला साध्याच, पण भिंतीवर ताण आला, हादरा बसला की त्यांना कळायचं आणि माझ्या मोबाईलवर रेघ हलायची. मायला हसू आवरेना. "मानसाची नाडी कोनी पाहत नाही, अन् विटेची पाहून राहिले!"

पहिल्याच सकाळी रेघ अशी नाचली की माझा जीवच गेला. घाबरून फोन केला, तर बया भिंतीलगत जमिनीत पुरलेल्या उखळात मिरच्या कुटत बसलेली! कॉलेजवाले म्हणाले, कुटणं बंद करा, भिंतीला सोसणार नाही. मीही भडकले. "मिक्सर देल्लं नं तुले? कायले कुटतं?"

"मिक्सरनं तुले समजन का, मी उठली म्हून?"

तेव्हापासून चहा ठेवायच्या आधी मी मोबाईल बघायची. रेघ हलली की माझा दिवस सुरू.

शेतात धान रोवण्याच्या दिवसांत एका सकाळी रेघ सरळच राहिली. मायनं फोन उचलला नाही. शेजारच्या काकूला लावला. तिनं दार ढकललं आणि फोनवरच हंबरडा फोडला. मी पोचले तेव्हा मायला अंगणात निजवलं होतं. आत मुसळ भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि उखळात एक मिरचीही नव्हती.

"मिरच्या त मीच कुटून देत होती, बाई," काकू म्हणाली. "हातात जोर कुठं राहिला होता तिच्या? रोज सकारी रिकाम्या उखळात मुसळ आपटे. पोरगी वाट पाहत असन म्हने."

तेवढ्यात मोबाईल वाजला. कॉलेजवाल्यांचा निरोप होता. आज एकही हादरा नाही, भिंत ठणठणीत आहे.

आग लागो त्या भिंतीला! मला माझी माय पाहिजे होती.