भोजराजला नवं घर दाखवलं

त्या हिवाळ्यात आमची कंपनी उत्तरेकडच्या एका उंच पोस्टवर होती. मी हवालदार, गाव आंधळगाव. माझ्या सेक्शनमध्ये नायक भोजराज हटवार होता, गोसीखुर्द धरणाच्या काठचा. अख्ख्या कंपनीत भंडारा जिल्ह्याचे आम्ही दोघंच. ड्युटी संपली की आमची बोली सुरू व्हायची आणि बाकीचे जवान म्हणायचे, "लो, इनका रेडिओ चालू हो गया."

पोस्टवर काम रोज तेच. बर्फ उपसायचा, हत्यार साफ करायचं, संत्री ड्युटी करायची, पिण्यासाठी बर्फ वितळवायचा. त्या उंचीवर भात प्रेशर कुकरमध्येही धड शिजत नसे. भोजराज धानाच्या मुलखातला, चिखलात रोपं लावायच्या रोवणीत वाढलेला. पोळीला तो जेवण मानतच नसे. अर्धाकच्चा भात चावत म्हणायचा, "साहेब, हा भात नाही जी. पोटात गेला का आता रोवणीच करा लागते."

त्याचं गाव धरणाच्या पाण्यात गेलं होतं. वडील तो लहान असतानाच वारले. आई एकटी पुनर्वसनाच्या गावात राहायला गेली तेव्हा हा पोस्टिंगवर होता. नंतरची सुट्टी एका कोर्समुळे रद्द झाली. त्यामुळे नवं घर त्यानं फक्त मोबाइलवरच्या फोटोत पाहिलं होतं. दोन खोल्या, निळं दार, दारापुढे हातपंप. फोटो मला इतक्या वेळा दाखवला, की मी डोळे मिटून त्या घरात फिरलो असतो.

भोजराज पोस्टचा गाईड होता. बर्फात नवा माणूस कितीही तगडा असो, त्याला एकटं चालू देत नाहीत. गाईड खाली जातो, त्याला आपल्या मागे घेतो आणि वर आणतो. त्या दिवशी भोजराज दोन नव्या जवानांना आणायला गेला होता. दुपारी खालच्या पोस्टवरून रेडिओ वाजला.

"अल्फा, मैं ब्राव्हो. आगे का स्लोप टूटा है. ओवर."

"ब्राव्हो, आदमी बताओ. ओवर."

"दो ठीक हैं. गाईड नहीं दिख रहा. ओवर."

आम्ही दोर आणि फावडी घेऊन उतरलो. अंधार पडायच्या आत तो बर्फाखाली सापडला. शरीर थंड होतं, तरी मी त्याचे हात चोळत बसलो. सुभेदार साहेबांनी माझा खांदा धरला. "बस कर, बेटा."

शवपेटीबरोबर एस्कॉर्ट म्हणून मलाच पाठवलं. विमान, मग नागपूरहून आर्मीची गाडी. पुनर्वसनाच्या गावात एवढी गर्दी होती की निळ्या दारापर्यंत गाडी नेता आली नाही. सलामी झाली, नदीकाठी अग्नी दिला. घडी केलेला तिरंगा मी मायच्या हातात ठेवला. भोजराज माय म्हणायचा म्हणून मीही तिला मायच म्हणायचो. ती रडली नाही. तिनं एकच गोष्ट विचारली.

"बापू, येताना पेटी उघडी होती का?"

"नाही, माय. बंद होती."

तिनं मान हलवली. तेव्हा मला त्या प्रश्नाचा काही अर्थ लागला नाही.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे घरातली गेलेली माणसं जेवायला येतात. नव्या मातीच्या कऱ्यात पाणी भरायचं, वडे, पुऱ्या, भात, चिंचवणी करायची आणि त्यांच्या नावानं पान वाढायचं. भोजराज गेल्यानंतरच्या पहिल्या अक्षय तृतीयेला मी सुट्टीवर होतो. सकाळी मोटरसायकल काढली आणि मायकडे गेलो. निळ्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते पान्याकडे गेली. दोन दिवसांपासून जेवली नाही. म्हनते, आता तिकडंच झोपडी बांधून राह्यतो."

माय धरणाच्या काठावर सापडली. पुढ्यात पत्रावळीवर पान वाढलेलं. उन्हानं भाताची वरची शितं कडक झाली होती. पाणी ओसरलं होतं आणि लांब एका वाळलेल्या चिंचेचा शेंडा वर आला होता.

"माय, इथं काहून बसली?"

"ते चिच दिसते ना? त्याच्या मांगं आपलं घर होतं. भोज तेथंच येईन."

"पण तुमचं घर आता तिकडे आहे."

"मले माहीत हाय. त्याच्या बापालेही माहीत हाय. गाव सोडलं तवा देवापुढची माती पदरात बांधली, बापाले आवाज देला आन् संगं घेऊन आली. भोज कुठी होता? तो तं पेटीत आला. झाकन बंद. रस्ता कसा पायला असन त्यानं?"

 आत्मा सगळीकडे असतो वगैरे मी म्हणू शकलो असतो. शिकलेली माणसं तिला तेच सांगून गेली होती. पण मी मानणारा माणूस आहे. भोजराज कुठेतरी आहे याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. आणि तो असेल, तर मायचं म्हणणं बरोबर होतं. नव्या जागी माणसाला एकटं सोडत नाहीत. मला एकदम हलकं वाटलं, कारण आता दुःख करायचं नव्हतं, काम करायचं होतं.

"माय, ऊठ. आपण त्याले घेऊन येऊ."

"येईन का तो?"

"गाईडनं बोलावलं आणि जवान आला नाही, असं फौजेत होत नाही."

काठावर एक म्हातारा ढिवर जाळं सुकवत होता. त्याला सांगितलं. त्यानं काही न विचारता डोंगा पाण्यात लोटला. चिंचेजवळ पोहोचल्यावर मायनं पाण्यात हात घातला आणि हाक मारली, "भोज, ये बाबू. घरी चाल." गावातल्या अंगणातून पोराला बोलवावं तशी. मग माझ्याकडे पाहिलं. मीही पोस्टवरच्या आवाजात बोललो.

"भोजराज, मेरे पीछे. पाँच कदम का फासला."

काठावर उतरलो आणि पायी निघालो. पुढे मी, मागे मोकळी जागा, त्याच्या मागे माय. मोटरसायकल तिथंच ठेवली. भर उन्हात माय मोठ्यानं रस्ता सांगत होती. "हा कालवा पाय. येथून उजवीकडं. हे शाळा. हे किराना दुकान, तेल चांगलं नाही देत." दुकानदारानं ते ऐकलं आणि तेलाचा डबा आत सरकवला. एक ऑटोवाला थांबला.

"आजी, बसा ना. सोडून देतो."

"नाही बाबू. आमच्या संगं मानूस हाय, तो पायी हाय."

ऑटोवाल्यानं आमच्या मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, माझ्या मिशांकडे पाहिलं आणि गिअर टाकला. मला हसू आलं. भोजराज असता तर पोट धरून हसला असता, असं मनात आलं आणि लगेच वाटलं, असता तर काय, हसतच असेल की.

मायनं निळं दार उघडलं. हातपंप हापसून दाखवला. दिव्याचं बटण चालू-बंद करून दाखवलं. आतल्या खोलीत त्याच्यासाठी घेतलेली खाट होती. तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "हे तुयी. कोनाले झोपू नाही देलं." तिथं तिचा बांध फुटला. पेटी आली तेव्हापासून कोंडलेलं सगळं रडणं त्या खाटेवर रडली. मी दारात उभा राहून रडलो. रडून झाल्यावर तिनं चूल पेटवली, ताजा भात टाकला, पान वाढलं आणि दोन दिवसांनी स्वतः चार घास खाल्ले. झोपडीचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्याला आता काही वर्षं झाली. मी पेन्शनवर आलो. पोरांच्या शाळेत भाषणाला बोलावतात, तेव्हा शौर्याच्या गोष्टी मागतात. मी भोजराजची सांगतो. ते दोन जवान वाचले, कारण तो पुढे होता. त्यातला एक आता हवालदार आहे.

सुट्टी मिळेल त्या अक्षय तृतीयेला मी आणि माय त्याला तसंच आणत आलो. यंदा मला उशीर झाला. वाटेत मोटरसायकल पंक्चर. घाईघाईत मायच्या दारात पोहोचलो आणि म्हणालो, "माय, चाल. डोंगा सांगून ठेवला आहे. त्याले आणाले जाऊ."

माय चुलीपुढे वडे तळत होती. मान वर न करता म्हणाली, "कायले? त्याले का आता घर माहीत नाही? तूच लेट आला. तो कवाचा येऊन बसला. पाय धू आन् बस."

आत दोन पानं मांडलेली होती. एकावर भात वाढलेला, वाफ निघत होती. डोक्यावर टोपी नव्हती, त्यामुळे सॅल्यूट करता येत नव्हता. मी सावधान उभा राहिलो. मग भोजराजच्या शेजारी जेवायला बसलो.