क्लोरीन शून्य!

हसा, पण जरा हळू हसा. नोकरी जाता जाता राहिलीय माझी, अंगात त्राण नाही.

सुकापूरच्या एका मोठ्या सोसायटीत सांडपाणी साफ करायचा प्लांट आहे, तिथे मी ऑपरेटर. अकरा वर्षं! कंटाळलो हो. मला आता तो वाससुद्धा येत नाही. पण आमचे चेअरमन म्हात्रेशेठ, त्यांना येतो. बुधवारी ते खाली उतरले.

"सावंत, शनवारी पोरीची हलद हाय लॉनवर. हजार पावनं येतील. पान्याला वास आला ना, तर तुमी घरी!"

लॉनला आमचंच साफ केलेलं पाणी जातं. वासावर उपाय काय? क्लोरीन. ओतले दोन कॅन. मग तपासणी. नळीत नमुना घ्यायचा, गोळी टाकायची, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. माझं क्षणभर गुलाबी झालं आणि परत होतं तसं!

म्हणजे शून्य? ओतले अजून दोन. शून्य! अजून चार. तरी शून्य! डोकंच फिरलं. गोळ्यावाल्याला फोन लावला.

"अहो, खडू विकता का गोळ्या म्हणून?"

"सर, नमुन्यात साधं पाणी मिसळून बघा ना एकदा."

"मला शिकवू नका! अकरा वर्षं झाली!"

शुक्रवारी सकाळी शेठ धावत खाली आले. "हलद पोरीला लागाची हाय, लॉनला कोनी लावली?"

वर जाऊन बघतो तर काय, अख्खं लॉन पिवळं! (शेवटी हिरवं कार्पेट टाकून हळद उरकली, पण ते नंतर.) खाली येऊन गुपचूप नमुन्यात दहापट साधं पाणी घातलं, गोळी टाकली. गडद गुलाबी! क्लोरीन इतकं जास्त होतं की रंगच खाऊन टाकत होतं.

माझ्यामागोमाग खाली आलेले शेठ तेवढ्यात भिंतीवरचा एक जुनाट कागद वाचत होते. मोठ्याने. "रंग येऊन लगेच गेला, तर क्लोरीन कमी नाही, फार जास्त आहे. आणखी ओतू नये."

"बघ, किती सोपं लिवलंय! त्या मानसाला बोलव. सोमवारपासून त्यालाच ठेवतो. तू जा घरी!"

शेठनी चष्मा वर सरकवून खालची सही वाचली. माझ्याकडे बघितलं. परत सही वाचली.

"हा तूच?"

"होतो, शेठ," मी म्हणालो. "नवीन होतो तेव्हा."