मनीषाला अडवायला विचारलेला प्रश्न

गेल्या शनिवारी बारामतीच्या एका कॉलेजात मी मनीषाची मुलाखत घेतली. हॉल भरलेला होता... आणि त्या भरल्या हॉलसमोर ती तोंडघशी पडावी, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

मनीषा आणि मी वालचंदनगरच्या. दोघींचे वडील कंपनीत, क्वार्टर्स एकाच लाइनीत. दोघींनी राज्यशास्त्र घेतलं, दोघींना परराष्ट्र खात्यात जायचं होतं. खात्यात कुणीच गेलं नाही. ती दिल्लीला एका संशोधन संस्थेत गेली, मी इंदापूरच्या बाजूला कॉलेजात लागले. एकोणीस वर्षं 'आंतरराष्ट्रीय संबंध' हाच पेपर शिकवते आहे.

हल्ली ती यूट्यूबवर दिसते. निवृत्त राजदूत, नौदलातले मोठे अधिकारी, आणि त्यांच्या मध्ये आमची मनीषा... युद्ध, तेल, करार, सगळ्यावर चर्चा. मी एकही एपिसोड चुकवत नाही. स्टाफरूममध्ये कुणी तिचं कौतुक केलं की मी म्हणते, "हो, बोलते छान." म्हणजे अभ्यास बेताचाच, असं मला सुचवायचं असतं.

मुलाखतीसाठी माझं नाव तिनंच सुचवलं होतं. त्याचाही राग आला. आता माझी शिफारससुद्धा हिनंच करायची?

मग मी तिचा एक जुना लेख शोधून काढला. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हाचा. मोठ्या देशांची आरमारं तिथं पोचली आहेत, काही आठवड्यांत वाट मोकळी होईल, असं तिनं छातीठोक लिहिलं होतं. प्रत्यक्षात जहाजं कितीतरी महिने आफ्रिकेला वळसा घालून जात राहिली. त्या वाक्यावर पिवळा हायलायटर मारला आणि कागद फाइलमध्ये ठेवला.

पहिला अर्धा तास ती फार सुंदर बोलली. मी वर्गात 'सामरिक महत्त्व' म्हणते, तिथं ती म्हणाली, "समुद्रातल्या त्या अरुंद वाटेची किल्ली कुणाच्या हातात आहे, एवढंच बघा." आमच्या कॉलेजातून आलेली, माझ्या तासाला जांभया देणारी पोरं वहीत लिहून घेत होती... माझीच पोरं!

मी कागद काढला. ते वाक्य माइकवरून सावकाश वाचलं. "हे तुम्हीच लिहिलं होतं ना?" 'तुम्ही' असं मुद्दाम म्हणाले.

मनीषानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हो, मीच लिहिलं होतं. चुकलं माझं," ती म्हणाली. "मी आरमारं मोजत बसले. पण जहाजाचा मालक आरमार बघून वाट ठरवत नाही, विमा कंपनी काय म्हणते ते बघतो. ते मी विचारलंच नव्हतं कुणाला."

टाळ्या पडल्या. मला काय वाटलं सांगू? चुकली तरी टाळ्या हिलाच...

तेवढ्यात चौथ्या रांगेतून एक गृहस्थ उठले. निरवांगी गावचे द्राक्ष बागायतदार, सगळे त्यांना तात्या म्हणत होते. "बाई, त्या साली माझी द्राक्षं बोटीत हुती. बोट लांबनं फिरून गेली, तितं पोचोस्तवर माल मऊ पडला. आता छाटणी हाय. एक्स्पोर्टचा माल करायचा का हितल्या मार्केटचा, ते आत्ताच ठरवावं लागतंय. यंदा वाट मोकळी ऱ्हाईल का न्हाय, तेवढं सांगा."

मनीषा म्हणाली, "तात्या, तुमच्या जागी मी असते तर त्या वाटेवर पूर्ण भरवसा ठेवला नसता. पण मी एकदा चुकलेय." मग माझ्याकडे वळली. "सुनी, तू हेच शिकवतेस. तुला काय वाटतं?"

मी सुरुवात केली... याला अनेक पैलू आहेत, एकीकडे हे, दुसरीकडे ते, परिस्थितीवर लक्ष ठेवणं गरजेचं आहे. तात्यांनी उभ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग अगदी अदबीनं म्हणाले, "व्हय मॅडम, पण मग करू का नको?"

एकोणीस वर्षांत 'असं होईल' असं मी कुठंही लिहिलेलं नाही. त्यामुळे माझा असा कागद कुणी काढूच शकणार नाही... ही गोष्ट मला त्या स्टेजवर, तात्या उत्तराची वाट बघत असताना कळली.

"अर्धी बाग एक्स्पोर्टला करा, अर्धी इथल्या मार्केटला," मी म्हणाले. "वाट मधेच बंद पडेल असं मला वाटतं. पण हा माझा अंदाज आहे. चुकू शकतो."

"अर्धी... बरं," तात्या म्हणाले. "चुकला तर कॉलेजात येतो मी तुमच्या."

"या," मी म्हणाले.

नंतर गाडीपाशी मनीषाला सांगून टाकलं, "तो कागद तुला अडवायलाच आणला होता."

"कळलं मला. कागदाच्या पाठीमागून पिवळं दिसत होतं," ती हसली. मग हसू गेलं. "तो अंदाज चुकला, त्यानंतर आठवडाभर मी ऑफिसात मान वर करून चालले नव्हते. पण दिल्लीत कुणी तोंडावर विचारलं नाही गं... सगळे पाठीमागे बोलले." आणि पुण्याहून विमान पकडायला निघून गेली.

रविवारी बसून मी दोन पानं लिहिली. या हंगामात काय होईल असं मला वाटतं, आणि का. आमच्या इथल्या साप्ताहिकाला नावासकट पाठवली. पाठवल्यापासून दर तासाला मेल उघडून बघते आहे.

मनीषा, तू हे वाचशीलच. तुझा हेवा अजून वाटतो, परवा तर जास्तच वाटला... आणि तो जाईल असं वाटत नाही. पण त्या माणसासमोर मला गुळमुळीत बोलून सुटू दिलं नाहीस, त्याबद्दल मनापासून आभार.