काटेकाकांचा शब्द

वजनकाट्याच्या काचेच्या केबिनमध्ये काटेकाका दिवसभर आकडे बोलत. ट्रक काट्यावर चढे, काका वजन सांगून पावती देत, ट्रक निघून जाई. ‘काटेकाका’ हे नावही ड्रायव्हर लोकांनीच पाडलेलं. बायको गेल्यापासून घरी तेवढंही बोलणं उरलं नव्हतं, म्हणून साठीला टेकल्यावर त्यांनी संध्याकाळचा इंग्रजीचा क्लास लावला.

क्लासच्या बाईंची एक अट होती. दिलेला शब्द जित्याजागत्या माणसाशी बोलताना वापरायचा आणि ते माणूस काय म्हणालं ते येऊन सांगायचं. काकांच्या वाट्याला ‘ग्रिगेरियस’ आला. चार माणसांत रमणारा, एकट्याला न करमणारा.

पहिला प्रयोग एका ड्रायव्हरवर झाला.

“मी ग्रिगेरियस आहे.”

“गोळ्या चालू आहेत ना, काका?” पावती खिशात घालून तो गेला.

मग त्यांनी ताईला फोन लावला. ती खो खो हसत सुटली. “तू? पाहुणे आले की पलंगाखाली जाऊन बसायचास, मेल्या! दुसऱ्या कोणाचं तरी सांग.”

दुसरं माणूस एकच आठवलं. बायकोकडे दुपारभर मैत्रिणींचा राबता असे. काका कामावरून येईपर्यंत मात्र पांगापांग झालेली असायची. ती गेल्यावर त्यांतली एकही फिरकली नाही, हे काकांनी मनाला लावून घेतलं होतं.

क्लासच्या आदल्या संध्याकाळी शर्ट बदलून त्यांनी समोरच्या वहिनींची बेल दाबली. आतला बायकांचा हशा थांबला.

“काय हो, पाणी गेलं का?” वहिनींनी विचारलं.

“नाही. आमची ही फार ग्रिगेरियस होती.” घाईघाईने त्यांनी अर्थही सांगून टाकला.

“होती खरी. पण तुमची यायची वेळ झाली की आम्हाला हाकलायची. म्हणायची, यांना माणसांचा त्रास होतो, उठा गं बयांनो! म्हणून तर अजून आम्ही तुमच्या वाटेला जात नाही.”

तसं काही नाही, निदान आता तरी नाही, एवढंच काकांना सांगायचं होतं. त्याला इंग्रजी लागणार नव्हतं.

“येताय का आत? चहा टाकते.”

“नको नको, तुमचं चालू द्या,” सवयीने तोंडातून निघून गेलं.

“बरं,” म्हणत वहिनींनी दार लोटलं. काका थोडा वेळ बेलकडे बघत उभे राहिले. आत कोणीतरी टाळी दिली, पुन्हा हशा पिकला. काकांनी किल्ली काढून आपलं कुलूप उघडलं.