दवाखान्यासाठी लिलाव

घरमालक काकांच्या पडवीत लिलाव ठरला की दोन दिवस आधीपासून मला जेवण जायचं नाही.

उरणकडच्या गावांत पूजेच्या नारळाचा लिलाव करायची पद्धत आहे. चढाओढीनं बोली लागते, पैसे देवळाला जातात. काकांनी तो लिलाव आपल्या घरात आणला. वर्षातून तीन-चारदा पूजा घालायची, मग पूजेचा नारळ, केळ्यांचा घड आणि काकूंनी लाटलेले तांदळाचे पापड पडवीत मांडायचे. आलेले पैसे मात्र आफ्रिकेतल्या एका दवाखान्याला आणि त्याच्या शेजारच्या शाळेला.

काका तरुणपणी जहाजावर खलाशी होते. तिकडं त्यांना ताप भरला, शुद्ध गेली. जहाजवाल्यांनी त्यांना किनाऱ्यावर उतरवलं आणि जहाज पुढं गेलं. किनाऱ्यावरच्या त्या लहानशा धर्मादाय दवाखान्यानं त्यांना बरं करून घरी पाठवलं. एक पैसा मागितला नाही. ही गोष्ट काका प्रत्येक लिलावाच्या आधी सांगत. ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्याच वेळी मनात यायचं, खरं असंल का हे?

मी परभणीकडचा. नववीत शाळा सोडली आणि कंटेनर यार्डात हमालीला आलो. आल्या-आल्या कावीळ झाली. काकांची मागची खोली भाड्यानं घेतली होती, तिथंच पडून होतो. ना ओळख, ना पाळख. काकू दोन्ही वेळेला मऊ भात आणून द्यायच्या. तीन महिन्यांचं भाडं काकांनी मागितलंच नाही. अशा घरावर संशय घ्यायचा म्हणजे किती हलकटपणा, ते मला कळत होतं. पण भीती वेगळीच होती. हे घर खोटं निघालं, तर या मुलखात माझं म्हणायला दुसरं कोण होतं?

आणि संशय यावा असं दिसतही होतं. बँक गावात असताना काका पैसे पिशवीत घालून मोरा बंदरातून लाँचनं मुंबईला जायचे. का, तर म्हणे बाहेर देशात पैसे पाठवायचं काम तिकडच्या मोठ्या शाखेतच होतं. एका लिलावानंतर पंधरवड्यात घरात मोठा फ्रीज आला. काकू म्हणाल्या, "भिशी लागली." मी "बरं झालं" म्हणालो आणि रात्रभर त्या फ्रीजची किंमत मोजत बसलो.

यार्डातल्या माझ्या गाववाल्याला हे सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "आफ्रिका? लेका, ते पैसे उलव्याच्या पुढं जात नसतील. फ्लॅट घेतला असंल बघ. अन् तू त्यांचा भाडेकरू. उद्या पोलीस आले की आधी तुलाच उचलतील."

पोलिसांनी उचलावं असं काम मी करतही होतो. ते त्याला सांगितलं नव्हतं.

त्याची सुरुवात अशी झाली. एका पूजेच्या सकाळी काका माझ्या दारात आले. "बाला, एक काम हाय तुजं."

"सांगा ना काका."

"तो डंपरवाला शेठ येनार हाय. त्याच्यासमोर बोलनारा कोन नसला तं नारळ पाचशेला जाईल. तू दोनदा बोल. मंग गप बस."

"माझ्याकडं कुठले पैसे?"

"तुला कोन मागतंय? तो थांबनारच नाय. हरला तं त्याला झोप लागत नाय. मी टॉवेल खांद्यावर टाकला का बोल."

ज्यानं भाडं माफ केलं त्याला नाही कसं म्हणायचं? मी बोललो. शेठ वर बोलला, नारळ त्याला पडला. पुढच्या वेळी तसंच, त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. विमानतळाकडच्या जमिनीचे पैसे आलेला माणूस, त्याला हजार-दोन हजार काय? असं मी स्वतःला समजवायचो. पण झोप मला लागत नव्हती.

मग ती पूजा आली. पडवी भरलेली, उकाडा भयंकर. शेठ पुढच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. काकांनी टॉवेल टाकला, मी बोललो. पुन्हा टाकला, पुन्हा बोललो.

शेठ मागं वळला. "कोन रं तू? पगार किती तुजा?"

लोक हसले. काकू दारातून म्हणाल्या, "शेठ, पगार इचारून बोली लावतात का? मंग तुमचं वजन पन करू."

पडवी आणखी हसली. शेठ इरेला पेटून एकदम नऊ हजार बोलला. आता माझं काम संपलं होतं. तेवढ्यात काकांनी टॉवेल मानेवरून फिरवला आणि खांद्यावर टाकला.

माझ्या तोंडून गेलं, "अकरा हजार."

शेठनं माझ्याकडं बघितलं. मग सावकाश काकांकडं बघितलं. मग खुर्चीला टेकून म्हणाला, "घे तू. मी थांबलो. काका, बोला तीन वार."

"एक वार," काका म्हणाले. "दोन वार." ते शेठकडं बघत राहिले. शेठ छताकडं. "तीन वार."

हळदकुंकू लावलेला नारळ माझ्या हातात आला. माझा पगार तेरा हजार होता आणि त्यातले निम्मे गावी आईला जात होते.

"रोख का हप्त्यानं?" शेठनं विचारलं. मी नारळाकडंच बघत राहिलो, आणि लोकांना वाटलं मी लाजतोय.

त्या संध्याकाळी काका खोलीत आले. बसले नाहीत. "मुद्दाम बोललास."

"नाही काका. तुम्ही टॉवेल टाकला म्हणून..."

"घाम आलेला मना!"

मागून काकूंचा आवाज आला. "घाम का लोभ? परक्या पोराच्या तोंडून खोटं बोलवायचं, आनि पुन्य तुमच्या नावावर. बरं झालं, शेठनं पकडलं."

काका वळले. जाताना एवढंच म्हणाले, "पैसे मी टाकतो. तू टेन्शन घेऊ नको."

मी टेन्शन घेतलंच, पण वेगळं. मनात एक हिशेब मांडला. लिलावाचे पैसे घरातच राहत असतील, तर माझे अकरा हजार कुणाला द्यायचेत? काका ते नुसते विसरून जातील. चार दिवसांनी हसून सोडून देतील. म्हणून मी बघत राहिलो. कामावर जाताना बघायचो, आल्यावर बघायचो. इतकं लक्ष मी शाळेत दिलं असतं तर दहावी झालो असतो.

तिसऱ्या दिवशी अंगणात काकांची स्कूटर दिसली नाही. जुनी होती, पण पुसून-पुसून ते तिला चकचकीत ठेवायचे. काकू तांदूळ निवडत होत्या.

"काकू, स्कूटर कुठं गेली?"

त्यांनी वर बघितलंच नाही. "नारळात."

दुसऱ्या दिवशी काका पैशांची पिशवी घेऊन पायी निघाले आणि तिठ्यावर बसची वाट बघत उन्हात उभे राहिले. मी यार्डाच्या गाडीतून त्यांना बघितलं. आपल्याच पेटीत पैसे टाकायला कुणी स्कूटर विकतं का? माझा जीव भांड्यात पडला. लगेच दुसरा विचार आला, आणि तो पहिल्याइतका सोपा नव्हता. पैसे खरंच तिकडं जात होते. पण शेठच्या खिशातून ते माझ्या खोट्यानं निघाले होते. तेही खरंच होतं.

महिन्याला थोडे-थोडे देतो म्हणालो, काकांनी हात झटकला. "तू बोल म्हनालो मी. तू का देनार?"

पुढच्या पूजेच्या सकाळी ते पुन्हा दारात. "बाला, आज दोनदाच. टॉवेल नाय, मी खोकतो."

"नाही काका. मी नाही बोलणार."

या घरात मी पहिल्यांदाच नाही म्हणत होतो. रात्रीच कपडे पिशवीत भरून ठेवले होते. म्हटलं, "खोली कधी रिकामी करू, तेवढं सांगा."

काका माझ्याकडं बघतच राहिले. "खोलीचा काय संबंध?"

तेवढं बोलून ते गेले. पिशवी मी दुपारपर्यंत सोडली नाही.

त्या दिवशी नारळ सातशेला गेला. शेठनंच घेतला, जांभई देत. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. काकूंनी मात्र ताट वाढलं, कधी नव्हे ते दोन पापड जास्त ठेवून.

मग एका संध्याकाळी काका पायरीवर येऊन बसले. "खरं सांग. शेठला आपलं टॉवेलचं तूच सांगितलंस ना?"

"नाही काका."

"मंग तो थांबला कसा?"

"त्यानं तुमचं तोंड बघितलं."

त्यांना ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही. मी फोनवर बोलत असलो की ते अंगणात काहीतरी शोधल्यासारखे फिरतात. कोण होतं, विचारतात. मी कुणाबरोबर चहा प्यायलो, तेही त्यांना कळलेलं असतं. मला राग येत नाही. त्यांच्या फ्रीजकडं मी वर्षभर असाच बघत होतो.

आता फोनवर आईशी बोलताना मी खोलीचं दार उघडंच ठेवतो.