शेवट लपवणारा बन्सी

यवतला हायवेच्या कडंला बन्सीचं पत्र्याचं व्हिडिओ सेंटर होतं. साल त्र्याण्णव-चौऱ्याण्णव असंल. बाजारच्या दिवशी दुपारी खिडक्यांना पोती लावली, की झाला अंधार. पुढं बाया, मागं गडी, आन् टीव्हीशेजारी वेळूची छडी घेऊन बन्सी उभा. कॅसेट इंग्रजी असली की तो मराठीत सांगायचा. त्याला इंग्रजी येत होतं अशातला भाग न्हाई. दहावीला त्याच विषयानं त्याला दोनदा पाडलं होतं. पण सांगणं असं, की लोक टीव्हीकडं कमी आन् बन्सीकडं जास्त बघायचे.

एकदा त्यानं पुण्याहून जुन्या अमेरिकेतली कॅसेट आणली. मंदी आलेली, कारखाने बंद, माणसं मोटारीवर गाद्या बांधून पोटामागं हिंडतायत. अशात एक पोरगा आन् एक पोरगी बँका लुटत सुटतात, आन् एकमेकांवर जीव टाकतात. बन्सीनं पोराचं नाव ठेवलं दगडोबा, पोरीचं नकुशी.

"नकुशी म्हनती, आरं दगडोबा, ही बँक सोड, हिच्यात काय न्हाई. दगडोबा म्हनतो, तू गपगुमान गाडी चालू ठेव."

बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

पहिल्या खेळाला त्यानं कॅसेट शेवटापतुर चालवली. झाडीत दबा धरून बसलेल्या पोलिसांनी गोळ्या घातल्या, दोघं गाडीतच गेली. भाजीवाली साखरबाई म्होरंच बसलेली. तिनं पाटीतलं वांगं उचललं आन् हाणलं. टीव्हीला न्हाई, बन्सीला.

"मुडद्या, मारलंस व्हय पोरीला!"

"आवं मावशी, मी कुठं? पोलिसांनी मारलं."

"सांगत तूच व्हतास की! सुटली म्हून सांगाया काय झालं व्हतं तुला?"

सगळ्या शेडचं तेच म्हणणं पडलं. ज्यानं सांगितलं, त्यानंच मारलं.

पुढच्या बाजारापासून दोघं शेवटची गाडीत बसली, की बन्सी मशीन बंद करायचा. "टेप खराब हाय. पर फुडचं मला ठावं हाय. दोघं हद्दीपल्याड गेली आन् रस्त्याला ढाबा टाकला. नकुशी भाकऱ्या थापती, दगडोबा गिऱ्हाइकाला पाणी देतो."

साखरबाई खूश, बाजार खूश.

अंजनाचा पहिला खेळ तेवढा चुकला होता, बाकी एकही तिनं सोडला न्हाई. बन्सीच्याच वस्तीतली, बालवाडीवर शिकवायची. बन्सीच्या घरनं तिला मागणी गेली होती, आन् तिचं उत्तर यायचं होतं. त्याची वाट बघून बन्सी पार वाळत चाललेला. सातव्या बाजारी ती दारातच थांबली.

"टेप दर बारीला तिथंच कशी खराब व्हती?"

"जुनी हाय."

"आज शेवट दावा. मग माझं काय ते सांगते. शेवट लपवणाऱ्या मानसाबरोबर जल्म कसा काढायचा?"

"लोक खेळ बंद पाडतील, अंजना."

"पाडू द्या."

त्या दिवशी बन्सीनं मशीन बंद केलं न्हाई. गोळ्या सुटल्या. त्यानं छडी कोपऱ्यात ठेवली आन् एवढंच म्हणाला, "मेली. दोघं बी. ढाबा न्हवताच. त्यो म्या रचला."

मग साखरबाईनं अर्धी पाटी रिकामी केली. एक वांगं कानावर, एक कपाळावर, बाकीची जमतील तशी. गडी खिडकीवरची पोती ओढून चालते झाले. उन्हाचा लोट आत आला.

अंजना खाली बसून वांगी पदरात गोळा करत होती.

"लागलं का?"

"लागलं."

"ढाबा चांगला व्हता," ती म्हणाली. "भाकऱ्या मी थापीन. पाणी तुमी द्या."

चार-पाच वर्षांनी गावात केबल आली आन् व्हिडिओ सेंटर बसलं. त्याच पत्र्याखाली आता ढाबा हाय. बोर्डावर तीच दोन नावं. वांगी साखरबाईचीच येतात, आता पाटीतनं, नीट तोलून.

पुण्याकडचं एखादं गिऱ्हाईक हटकून विचारतं, "मालक, हे दगडोबा-नकुशी कोण?"

"आमचं पाव्हणं. लई लांब गेल्यात."

तव्यावरची भाकरी उलथत आतनं अंजना म्हणते, "खरं सांगा."

"मेली," बन्सी म्हणतो, आन् पाण्याचा जग टेबलावर ठेवतो.