तलकाड जवळ, विजयनगर लांब

म्हैसूरचा भूगोल माझ्या जुन्या घरमालकांइतका कोणालाच कळला नाही आणि त्यांच्याइतका चुकीचाही कोणी सांगितला नाही. नोकरीसाठी साताऱ्याहून आलो तेव्हा मंडी मोहल्ल्यात त्यांच्या माडीवरची खोली मला भाड्याने मिळाली. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई म्हणून आलेले; घरात मराठी, पण तिला जागोजाग कन्नडचा टेकू. माणसाला ते गावावरून हाक मारत, त्यामुळे मी पहिल्याच दिवशी ‘सातारकर’ झालो. भाडेकरारावर माझं खरं नाव वाचल्यावर त्यांनी ‘हे कोण?’ असं मलाच विचारलं होतं.

त्यांचं शहर मार्केटपाशी सुरू होई आणि रेल्वेच्या रुळांपाशी संपे. पलीकडेही माणसं राहतात हे त्यांना मान्य होतं, पण ते परगाव. रुळांपलीकडच्या विजयनगरात एका लग्नाला निघाले तेव्हा पिशवीत चादर, चित्रान्नाचा डबा आणि पाण्याची बाटली. रिक्षाने फार तर वीस मिनिटांचा रस्ता! उतरल्या उतरल्या घरी फोन : ‘‘पोचलो गं.’’ घरमालकीणबाई अजिबात न हसता म्हणाल्या, ‘‘बरं. आता पाणी प्या.’’ नवऱ्याच्या अशा प्रत्येक प्रवासाला त्यांचं हेच उत्तर असे. उलट तलकाड म्हणजे तासाभराहून जास्त वाट, तर तिथे हे नुसती टोपी घालून निघत. मी एकदा वाद घातला. म्हणाले, ‘‘नोडी सातारकर, तलकाड जवळ. वाळूतल्या देवळापाशी उतरलो की चार जण हाक मारतात. लांब म्हंजे काय मत्ते? जिथं आपल्याला कोणी हाक मारत नाही, ते लांब.’’

लोकसंख्येचंही तेच. माझ्याकडे आलेल्या पाहुण्याने सहज विचारलं, की या शहराची वस्ती किती. ‘‘मोजून येतो,’’ म्हणून हे चपला घालून मार्केटला गेले आणि वाटेत ज्यांनी ज्यांनी हाक मारली तेवढे मोजून आले. ‘‘आज बारा कमी आहेत,’’ त्यांनी गंभीरपणे सांगितलं, ‘‘ऊन फार आहे.’’ पाट्यांवर गावाचं नाव बदलून मैसूरु झालं तेव्हा आसपास सगळे तावातावाने बोलत होते; यांना अभिमान वेगळाच. ‘‘देवीनं ज्याला मारलं, त्या महिषासुराचंच नाव गावाला. हरलेल्याला एवढा मान कुठं मिळतो, सांगा बघू!’’ देवीच्या टेकडीवर गेले की आधी त्याच्या पुतळ्याला नमस्कार, मग देवीला. का, तर गावाचा घरमालक तो. घरमालकांची बाजू ते कधी सोडत नसत.

मी विजयनगरात फ्लॅट घेतला तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. निघताना मात्र चित्रान्नाचा डबा हातात ठेवला आणि म्हणाले, ‘‘कशाला सुम्मने एवढं लांब जाता?’’ मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

पुढे घरमालकीणबाई गेल्या. मुलाने मंडी मोहल्ल्यातलं घर विकलं आणि वडिलांना विजयनगरात, माझ्या मागच्याच गल्लीत, आपल्या फ्लॅटवर आणलं. मुलगा चांगला आहे, इमारतीला लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे. रागवावं तरी कोणावर? पण सहा महिने त्यांनी आपली बॅग उघडली नाही. सकाळी फाटकाशी उभे राहून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत. मी हाक मारली की म्हणत, ‘‘इथली लोकसंख्या एक. ते तुम्ही.’’

आता दर रविवारी मी त्यांना ‘गावात’ घेऊन जातो. जाताना हात मोकळे असतात. फुलवाला हाक मारतो, कॉफीपुडीच्या दुकानातून हाक येते, आणि वाकलेले घरमालक बघता बघता ताठ होतात. विकलेल्या घरासमोरून मात्र ते पलीकडे बघत चालतात. साताऱ्यात आज मला किती जण हाक मारतील, हे मी मोजायला गेलेलो नाही. परत निघताना ते पाण्याची बाटली विकत घेतात. प्रवास लांबचा असतो ना.

गेल्या रविवारी त्यांना लिफ्टपर्यंत सोडून मी घरी आलो. चपला काढतोय तोच फोन वाजला.

‘‘सातारकर, पोचलो.’’

सुचलं तेच म्हणालो, ‘‘बरं. आता पाणी प्या.’’

पलीकडून बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

‘‘आयतु, बरं,’’ ते म्हणाले, ‘‘पितो.’’